बँकेची कपात कशी वाचावी?
(ऊस उत्पादक सभासदांसाठी अभ्यासपाठ)



या पानावर आम्ही नेहमी बेणं, खत, पाणी आणि खोडव्याची निगा याबद्दल लिहितो. यावेळी विषय वेगळा आहे. गट ऑफिसला आलो की सभासद उसाच्या जातीबद्दल विचारतात तेवढंच पासबुक पुढं करून विचारतात, "साहेब, हे एकशे अठरा रुपये कशाचे कापले?" "व्याज एवढं कसं झालं?" "उचल तर फेडली, मग बाकी कुठली?" एकरी पाच टन उतारा वाढवायला वर्षभर राबावं लागतं. तेवढ्यातले दोन-अडीच टन बँकेच्या खात्यात न कळत जिरून जात असतील तर ते थांबवणं हाही ऊस विकासच आहे, असं आम्ही धरून चालतो.

पाट फुटला की आपण आधी कुठं फुटला ते बघतो, मग दारं धरतो. पैशाचंही तसंच करायचं. बँकेवर चिडून उपयोग नाही, आणि "बँकेनं कापलं म्हणजे बरोबरच असेल" असं म्हणूनही भागत नाही. प्रत्येक कपातीला नाव असतं, तारीख असते आणि नियम असतो. ते वाचायला शिकणं एवढाच या पाठाचा हेतू.

१. आधी थोडा इतिहास

हिशेब मागणं हे आपल्या भागाला नवीन नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले आणि दंगा पुणे-नगर भागात पसरला. लोकांचा रोख मुख्यतः वह्या, खतं आणि दस्तऐवज यांवर होता, कारण त्या वहीत काय लिहिलंय हे कुळाला कधी कळतच नसे. पुढं सरकारनं १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. त्यात ऋणकोनं मागितलं तर पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, अशी तरतूद होती. म्हणजे हिशेबाचा कागद हातात मिळणं हा आपला हक्क जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे.

आपल्याकडं दामदुपटीचाही जुना दंडक होता. एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही. त्याचीच आठवण करून देणारा नियम आजही बँकांना लागू आहे. अल्प व अत्यल्प भूधारकांच्या, म्हणजे पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्यांच्या, अल्पमुदती कर्जावर खात्यात लावलेलं एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, असं रिझर्व्ह बँकेनं सांगून ठेवलं आहे. जुनं थकीत खातं असलेल्या सभासदांनी हा नियम पाठच करावा.

२. खातं कोणतं, ते आधी ओळखा

पासबुक सगळी सारखीच दिसतात, पण खात्यांचे स्वभाव वेगळे असतात.

बचत खातं : पैसा आपला, बँक आपल्याला व्याज देते. पूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावरच व्याज मिळायचं. ११ तारखेला बिल जमा झालं तर त्या महिन्याचं व्याज गेलं. १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिलकेवर धरतात.

किसान क्रेडिट कार्डाचं खातं : ही योजना १९९८ साली आली. यात मर्यादा मंजूर होते आणि त्या मर्यादेत आपण उचल करतो, भरणा करतो. व्याज मर्यादेवर लागत नाही, जेवढी उचल जेवढे दिवस वापरली तेवढ्यावरच लागतं.

ओव्हरड्राफ्ट : मराठीत सांगायचं तर शिलकेपेक्षा जास्त उचल. जनधन खात्याला पात्र खातेदाराला १०,००० रुपयांपर्यंत अशी उचल मिळू शकते. ही बक्षिसी नव्हे, कर्ज आहे. "खात्यात आले म्हणून काढले" असं करून पुढं व्याज दिसलं की रागावण्यात अर्थ नाही.

मूळ बचत खातं : याला किमान शिलकेची अटच नाही. जनधन खाती याच जातीची. ज्यांच्या खात्यात महिनोन् महिने पैसा नसतो त्यांनी आपलं साधं खातं या प्रकारात बदलून मागावं. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, हे लक्षात असू द्या.

३. किमान शिलकेचा दंड

लोकांचा सगळ्यात जास्त राग या कपातीवर आहे आणि तो अगदीच चुकीचा नाही. ज्याच्याकडं पैसा नाही त्यालाच पैसा नसल्याबद्दल दंड! संसदेत जुलै २०२४ मध्ये दिलेल्या माहितीप्रमाणं सरकारी बँकांनी २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत या एका सदराखाली सुमारे ८,५०० कोटी रुपये वसूल केले. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, पण तळं कुणाचं आणि थेंब कुणाचे, हेही बघावं लागतं.

बँकांची बाजूही ऐकली पाहिजे. शाखा, कर्मचारी, यंत्रं यांना खर्च येतो, आणि रिकामं खातं सांभाळायलाही तो येतोच. म्हणून शुल्क ठरवण्याची मोकळीक बँकांना आहे. परंतु त्या मोकळिकीला बांध घातलेले आहेत. १ एप्रिल २०१५ पासून लागू असलेले नियम असे :

(अ) शिल्लक कमी झाली की बँकेनं आधी संदेश किंवा पत्र पाठवून कळवायचं, आणि शिल्लक पूर्ववत करायला निदान एक महिना द्यायचा.

(आ) दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात हवा. शंभर कमी पडले त्याला आणि दोन हजार कमी पडले त्याला सारखाच दंड चालत नाही.

(इ) केवळ या दंडापायी बचत खातं उणे होता कामा नये.

शिवाय जे खातं दोन वर्षं वापरात नसल्यामुळं निष्क्रिय ठरलं, त्यावर किमान शिलकेचा दंड लावता येत नाही.

लोकांच्या ओरडीचा परिणाम होतो, हेही नोंदवून ठेवू. भारतीय स्टेट बँकेनं एप्रिल २०१७ मध्ये हा दंड पुन्हा सुरू केला, त्याच वर्षी ऑक्टोबरपासून तो कमी केला आणि मार्च २०२० मध्ये बचत खात्यांवरची ही अटच काढून टाकली. २०२५ च्या जून-जुलैमध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनीही बचत खात्यांवरचा दंड सोडला. खाजगी आणि इतर बँकांत मात्र आपल्या शाखेत जाऊन विचारूनच घ्यावं.

४. बुवापाड्याहून आलेला एक हिशेब

आपल्या सभासदांची बरीच मुलं आता अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर भागात कारखान्यांतून कामाला आहेत. एका सभासदाचा मुलगा अंबरनाथच्या बुवापाड्यात खोली घेऊन राहतो. त्याच्या पासबुकाचा उतारा वडिलांनी आमच्याकडं आणला. तो सगळ्यांनी समजून घेण्यासारखा आहे, म्हणून नाव न देता मांडतो.

मुलाचं पहिल्या कंपनीत पगाराचं खातं होतं. पगाराच्या खात्याला किमान शिलकेची अट नसते. त्यानं काम बदललं, नव्या कंपनीनं दुसऱ्या बँकेत खातं उघडून दिलं. जुन्या खात्यात ५९० रुपये होते, ते तसेच राहिले. काही महिने पगार आला नाही की बँका पगाराचं खातं साध्या खात्यात बदलतात. तसंच झालं आणि महिन्याला १०० रुपये दंड, त्यावर १८ टक्के जी.एस.टी., मिळून ११८ रुपये कापले जाऊ लागले. पाच महिन्यांत ५९० रुपये संपले. पुढच्या पाच महिन्यांचे ५९० रुपये बँकेनं येणं म्हणून मांडून ठेवले. दिवाळीला वडिलांनी खोलीच्या अनामत रकमेसाठी जुन्याच खाते नंबरावर ४,००० रुपये पाठवले, त्यातून ते ५९० कापले गेले. मुलाच्या हाती ३,४१० आले आणि घरमालकापुढं खाली मान घालावी लागली.

आता यात बरोबर काय आणि गैर काय, ते निवडू. पहिल्या पाच महिन्यांचे संदेश बँकेनं पाठवले होते, पण मुलानं सीम बदललं होतं आणि नवा नंबर कळवला नव्हता. तिथं तक्रारीला जागा नाही. शिल्लक शून्य झाल्यावर चढवलेल्या दंडाची गोष्ट वेगळी. दंडापायी खातं उणे होऊ नये असा नियम असताना तेच उणे दुसऱ्या कागदावर मांडून पुढच्या भरण्यातून घ्यायचं, हे नियमाच्या हेतूला धरून नाही. मुलानं एवढंच चार ओळींत लिहून शाखेत अर्ज दिला, पोच घेतली. ५९० रुपये परत जमा झाले. मग त्यानं ते खातं बंद केलं.

यातून घ्यायचं ते एवढंच : काम बदललं की जुनं खातं बंद करा किंवा मूळ बचत खात्यात बदला, मोबाईल नंबर बदलला की त्याच आठवड्यात बँकेत कळवा, आणि मुलांना पैसे पाठवण्याआधी खातं कोणतं चालू आहे ते विचारा.

५. पीककर्ज : एका दिवसाची किंमत

आता आपल्या मुख्य विषयाकडं येऊ. २०२५-२६ पर्यंतच्या योजनेप्रमाणं ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळतं. मुदतीत फेडलं तर केंद्राकडून आणखी ३ टक्के सवलत, म्हणजे पडतं ४ टक्के. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंत मुदतीत फेडणाऱ्याला उरलेलं व्याजही परत मिळून ते शून्य टक्क्यावर येतं.

हिशेब मांडू. ३ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज २१,००० रुपये. ४ टक्क्यांनी १२,००० रुपये. फरक ९,००० रुपयांचा. मुदतीच्या तारखेला संध्याकाळपर्यंत भरणा झाला तर हे ९,००० वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी भरलात तर गेले, आणि राज्याची सवलतही गेली. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर टनाला ३,५५० रुपये आहे. म्हणजे एका दिवसापायी अडीच टन ऊस पाण्यात. त्यातून तोडणी-वाहतूक वजा केली तर अडीचचे तीन-चार टन होतात.

मुदत टळली की आणखी एक गोष्ट घडते. चालू पीककर्जावर सरळ व्याज असतं, व्याजावर व्याज नसतं. थकबाकी झाली की बँक व्याज मुद्दलात मिळवू शकते. तिथून पुढं गाडी उताराला लागते.

आडसालीवाल्यांनी इथं विशेष लक्ष द्यावं. केंद्राच्या व्याज सवलतीची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष आहे. जुलै-ऑगस्टची आडसाली लागण कारखान्याला येते सोळा ते अठरा महिन्यांनी. जुलैत उचललेल्या कर्जाचं वर्ष पुढल्या जुलैत भरतं तेव्हा ऊस शेतातच उभा असतो. म्हणून आमची शिफारस अशी :

सगळी मर्यादा लागणीलाच उचलू नका. बेण्याला, सरीला लागेल तेवढी आधी आणि मोठ्या बांधणीच्या खतासाठी नंतर, अशी दोन-तीन टप्प्यांत उचल करा. दुसरं, आडसालीत सोयाबीन किंवा भुईमुगासारखं आंतरपीक घ्या आणि त्याचा पैसा आधी याच खात्यात भरा. तिसरं, आपल्या खात्याची मुदत बँकेनं किंवा सोसायटीनं कोणत्या तारखेला धरली आहे ती लेखी विचारून घ्या. सुरू उसाचं गणित आडसालीला लावू नका.

मध्येच भरणा केल्यानं काय फरक पडतो? समजा १ लाखाची उचल आहे. वर्ष संपायला १०० दिवस असताना ६०,००० भरले. ६०,००० वर १०० दिवसांचं ७ टक्क्यांनी व्याज होतं सुमारे १,१५० रुपये. तेवढे वाचले. तोच पैसा घरात डब्यात ठेवला असता तर एक पैसाही सुटला नसता. गरज लागली तर मर्यादेत पुन्हा उचलता येतोच.

पीककर्ज ३ लाखांपर्यंत असेल तर प्रक्रिया शुल्क, कागदपत्रांचा खर्च, पाहणी शुल्क, खातेवही शुल्क घेऊ नये, असा सल्ला भारतीय बँक संघानं फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना दिला आहे. ही नावं पासबुकात दिसली तर विचारा. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला वेगळं तारणही मागायचं नाही. सोसायटीनं कर्जातून कापलेली शेअर्सची रक्कम मात्र शुल्क नव्हे. ती आपलीच ठेव आहे, तिची नोंद भाग-दाखल्यावर झाली का तेवढं बघा.

६. तीन तारखा

ऊस बिलातून सोसायटीची वसुली कापली जाते. तिथं तीन तारखा असतात : बिल तयार झाल्याची, बिलातून रक्कम कापल्याची, आणि ती आपल्या कर्जखात्यात जमा पडल्याची. सभासद पहिल्या दोन बघतो. बँकेचं व्याज तिसऱ्या तारखेपर्यंत चालतं. कापलेली रक्कम मध्ये वीस दिवस अडकली तर त्या वीस दिवसांचं व्याज सभासदाच्या बोडक्यावर, आणि मुदतीची तारीख त्यातच येऊन गेली तर वरचे ९,००० सुद्धा.

हे आम्ही कारखान्याच्याच पत्रिकेत लिहितो आहोत, याची आम्हांस जाणीव आहे. पण सभासद हाच कारखान्याचा मालक आहे, तेव्हा लपवायचं कुणापासून? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, आणि उशीर झाला तर सालीना १५ टक्क्यांनी व्याज द्यायचं असं आहे. २ लाखांच्या बिलाला ६० दिवस उशीर झाला तर हे व्याज सुमारे ४,९३० रुपये होतं. बँक उशिराचा आकार लावते तसा शेतकऱ्यालाही उशिराचा आकार कायद्यानं दिला आहे. तो माहीत असावा.

बिलाची स्लिप आणि कर्जखात्याचा उतारा शेजारी शेजारी ठेवून तिन्ही तारखा जुळवा. फरक दिसला तर गट ऑफिसला आणा. आमच्या शेतकी विभागाचा माणूस तुमच्याबरोबर हिशेब विभागात येईल.

७. परतलेला हप्ता आणि दंडावरचं व्याज

ट्रॅक्टर, ठिबक, पोरांची मोटारसायकल यांचे हप्ते आता खात्यातून आपोआप जातात. त्या दिवशी शिल्लक दहा रुपयांनी कमी असली तरी हप्ता परततो, आणि मार दुहेरी बसतो. आपली बँक परतल्याचं शुल्क घेते आणि कर्ज देणारी संस्था वेगळा दंड लावते. दोन्हींवर जी.एस.टी. असतो. हप्त्याची तारीख बिलाच्या तारखेशी जुळत नसेल तर कर्ज घेतानाच तारीख बदलून मागा.

पूर्वी उशीर झाला की व्याजाच्या दरातच दंडाचे टक्के मिळवायचे, मग त्या दंडावरही व्याज चालायचं. रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानं हे बंद केलं, आणि १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांना ते लागू झालं. आता दंड हा वेगळं शुल्क म्हणूनच दाखवायचा, तो मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायचं नाही. नियम नागरी सहकारी बँकांनाही आहे. आपल्या उताऱ्यात "दंडव्याज" असा शब्द अजून दिसत असेल तर त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा.

सगळीच कपात बँकेची नसते, हेही ध्यानात घ्या. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ आणि २० रुपये कापलेले दिसले तर ते जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याचे हप्ते आहेत. त्या दिवसांत तेवढी शिल्लक ठेवा. वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आहे. तो हप्ता चुकवून वाचवलेले पैसे फार महाग पडतील.

८. तक्रार कशी करावी

तोंडी भांडून काही निघत नाही. एका कागदावर तारीख, रक्कम, पासबुकातला शब्द आणि "ही रक्कम कोणत्या नियमानं कापली ते लेखी कळवावे" एवढं लिहा. शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. त्याला फी नाही, वकील नाही. माहितीसाठी फोन १४४४८ आहे. जिल्हा मध्यवर्ती बँकांनाही या व्यवस्थेत घेण्याचं रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं. गावच्या सोसायटीची तक्रार मात्र तालुक्याच्या सहायक निबंधकांकडं करायची.

आणखी एक सांगणं. शाखेतला कारकून हाही कुणाचा तरी मुलगाच आहे, शुल्क त्यानं ठरवलेलं नाही. आवाज चढवण्यापेक्षा कागद पुढं करावा. कागदाला उत्तर द्यावंच लागतं.

स्वाध्याय

(१) घरातल्या सगळ्या खात्यांची यादी करा. प्रत्येकापुढं खात्याचा प्रकार आणि किमान शिलकेची अट लिहा.

(२) गेल्या बारा महिन्यांतल्या कपाती एका कागदावर उतरवून बेरीज करा. बेरजेला ३,५५० ने भागा. किती टन आले?

(३) पीककर्जाच्या मुदतीची तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं लिहा. तिच्या महिनाभर आधीच्या तारखेवर दुसरी खूण करा.

(४) गेल्या हंगामाच्या बिलाच्या तिन्ही तारखा जुळवा.

ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनी घरातल्या शाळकरी पोराला-पोरीला हा पाठ मोठ्यानं वाचायला लावावा. नववी-दहावीच्या मुलांना सरळ व्याज येतं. शाळेतलं गणित घरच्या पासबुकावर करून दाखवलं की त्यांनाही गणिताची गोडी लागेल आणि आपलाही हिशेब लागेल.

पुढील अंकी : खोडव्यात पाचट ठेवण्याची पद्धत आणि एकरी खताचा हिशेब.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग